वर्गातले मतभेद: मुलांना एकमेकांशी बोलायला शिकवता येते का?

पारसिक (धागाकर्ती)

नवी मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गेली सोळा वर्षे राज्यशास्त्र शिकवते. माझ्या अकरावीच्या वर्गात या शहराचा सगळा इतिहास बाकांवर बसलेला असतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या त्या गावांतली आगरी-कोळी मुले आहेत. बाजार समितीत पाठीवर गोणी वाहून ज्यांनी कोपरखैरण्यात घर केले त्या माथाडी कामगारांची नातवंडे आहेत. दिघा-तुर्भ्याच्या वस्त्यांतली मुले आहेत. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कुटुंबांतली आहेत, तशीच वाशीत स्थिरावलेल्या तमिळ-मल्याळी कुटुंबांतलीही आहेत. आणि मुंब्र्याहून निघून ठाण्याला गाडी बदलून येणाऱ्या चार मुली आहेत.

पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्यानंतरच्या आठवड्यात मी वर्गात भाषाविषयक धोरणाचा विषय काढला. पहिली दहा मिनिटे बरी गेली. मग एक मुलगा म्हणाला, "इथे राहायचे तर मराठी बोललेच पाहिजे." त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "माझा जन्म ऐरोलीतला आहे, तर मी पाहुणा कसा?" हे दोन्ही मुद्दे चर्चेला उत्तम होते, परंतु त्यानंतर मुद्दे संपले आणि गावाचा, आडनावाचा, बापाच्या धंद्याचा उद्धार सुरू झाला. संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जे लिहिले गेले ते येथे सांगण्यासारखे नाही. वर्षभर एका बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणी दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या रांगांत बसल्या. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितले की अभ्यासक्रम पूर्ण करा, असले विषय काढू नका. मी महिनाभर ते ऐकले, आणि त्या महिनाभरातला वर्गातला शांतपणा मला भांडणापेक्षा जड गेला.

आता मी एकच नियम घातला आहे. समोरच्याला उत्तर देण्यापूर्वी त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडायचे, आणि "हो, मला हेच म्हणायचे होते" असे तो म्हणेपर्यंत आपला मुद्दा सुरू करायचा नाही. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्ष येत नाही, तीच ही पद्धत. मुलांना ती अवघड जाते. पहिल्या तासाला एकाही मुलाला पहिल्या प्रयत्नात होकार मिळाला नाही.

माझा प्रश्न असा आहे: भाषा, धर्म, जात, पक्ष यांवरून ज्यांच्या घरांत टोकाची वेगवेगळी मते आहेत, अशा मुलांना एकमेकांशी बोलायला शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे का? असेल, तर तुम्ही ते कसे केले आहे किंवा होताना पाहिले आहे?

ऐरोलीकर

मी माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात बारा वर्षे प्रशिक्षण देतो. परदेशी ग्राहकांशी कसे बोलावे हा माझा विषय आहे. सुरुवातीला आम्ही अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेत असू. जपानी माणसे अशी वागतात, जर्मन माणसे तशी बोलतात, अशा याद्या पडद्यावर दाखवायच्या आणि शेवटी प्रमाणपत्र द्यायचे. त्या याद्यांनी नुकसानच केले असे आज माझे मत आहे. समोरचा माणूस कोण हे आपल्याला आधीच कळले आहे असा समज घेऊन मुले बैठकीला जात, आणि त्यामुळे विचारायचे म्हणून काही उरत नसे.

ज्याचा उपयोग झाला ती गोष्ट फार लहान होती. आपण "हो" म्हणतो तेव्हा पुष्कळदा "ऐकले" एवढेच म्हणत असतो. पलीकडचा त्याचा अर्थ "मान्य आहे, शुक्रवारपर्यंत करतो" असा घेतो. हे एका गटाच्या लक्षात आल्यावर त्यांनी बैठकीच्या शेवटी "आपण काय ठरवले ते तुमच्या शब्दांत सांगाल का?" असे विचारायला सुरुवात केली. पारसिकताई, तुमचा नियम आणि आमचा हा प्रश्न एकाच जातीचे आहेत.

मात्र एक फरक मला अडतो. सांस्कृतिक अंतर हे बहुधा गैरसमजाचे असते आणि ते विचारून मिटते. राजकीय मतभेदात समोरच्याचे म्हणणे नीट समजते, आणि समजल्यामुळेच ते पटत नाही. दोन्हींना एकच औषध लागू पडेल असे मला वाटत नाही.

तलावपाळी

मी दोन मुलांचा बाप आहे आणि माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. सोळा वर्षांच्या मुलाची राजकीय मते ही बहुतांशी त्याच्या आईवडिलांची मते असतात. वर्गात ती बाहेर काढून त्यांची चिरफाड करणे म्हणजे मुलाला सर्वांसमक्ष स्वतःच्या घराविरुद्ध उभे करणे होय. त्यातून शिक्षकाच्या हातात गुण असतात. शिक्षकाने तोंडाने कितीही तटस्थता सांगितली तरी त्याची भुवई कोणत्या मताला वर गेली हे मुले बरोबर ओळखतात आणि परीक्षेत त्याप्रमाणे लिहितात.

माझी मुलगी नववीत असताना एका शिक्षकांनी भर वर्गात विचारले होते, "तुमच्या घरी मत कोणाला देतात?" तिने घरी येऊन ते रडत सांगितले. त्या शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता, परंतु असा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता? शाळेने गणित, भाषा, विज्ञान उत्तम शिकवावे. एकमेकांशी कसे वागावे हे मुले घरी आणि मैदानावर शिकतात.

घोडबंदर

तलावपाळी, आपली भीती खरी आहे आणि ती केवळ आपल्याकडचीच नाही. मी नऊ वर्षे जर्मनीत स्टुटगार्टला होतो. तेथून जवळच बॉयटेल्सबाख नावाचे गाव आहे. १९७६ साली वेगवेगळ्या राजकीय विचारांचे शिक्षणतज्ज्ञ तेथे एकत्र आले होते, आणि राज्यशास्त्र कसे शिकवावे याबद्दल त्यांच्यात जी सहमती झाली ती आजही तिथल्या शाळांत प्रमाण मानली जाते. तिची सूत्रे तीन आहेत. विद्यार्थ्याला स्वतःचा विचार करण्याची सवड न देता शिक्षकाने त्याच्यावर आपले मत लादू नये. समाजात आणि अभ्यासकांत जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, एकाच बाजूने मांडू नये. आणि एखाद्या राजकीय परिस्थितीत आपले हित कशात आहे हे ओळखून तिच्यावर प्रभाव कसा पाडावा, हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे.

जर्मनीने हा नियम का केला असेल हे वेगळे सांगायला नको. ज्या देशाने शाळेतून एकच मत पाजण्याचे परिणाम भोगले, त्याने विषय वर्गाबाहेर काढला नाही. शिक्षकाच्या हाताला मर्यादा घातली. "घरी मत कोणाला देतात?" हा प्रश्न त्या मर्यादेत बसत नाही. पारसिक यांनी मांडलेला भाषाधोरणाचा प्रश्न मात्र बसतो.

गवळीदेव

वरचे सर्व प्रतिसाद मी दोनदा वाचले. सर्वांची भाषा चांगली आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्या चांगल्या भाषेबद्दल आहे.

मी घणसोली गावातला. माझ्या आजोबांच्या भातशेतीवर आज कोणाची इमारत आहे हे मी बोटाने दाखवू शकतो. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या, आणि आमच्या माणसांनी अर्ज केले, शिष्टमंडळे नेली, नीट शब्दांत विनंत्या केल्या. त्याने काय झाले? १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणला, जासईच्या परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मिळाले. आमच्या घरांत ही गोष्ट पुस्तकातून आलेली नाही. म्हणून "संवाद करा" असे कोणी म्हणाले की आमचा पहिला प्रश्न असतो, सांगणाऱ्याचे काय गेले आहे?

शाळेतही तेच. मी पाचवीत "पानी" आणि "शाला" म्हणायचो, कारण आमच्या बोलीत ण आणि ळ नाहीत. वर्ग हसायचा, आणि बाई हसणाऱ्यांना नव्हे तर मला सांगायच्या, "नीट बोल." त्या वर्षी मी बोलणेच बंद केले. तुमच्या वर्गात आज जो आगरी मुलगा आवाज चढवून बोलतो, तो उद्धट आहे म्हणून तसे बोलतो असे धरून चालू नका. हळू बोलले की आपले कोणी ऐकत नाही, हे त्याच्या तीन पिढ्यांनी पाहिले आहे. २०२१ च्या जूनमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून आम्ही मानवी साखळी केली, नंतर बेलापूरला सिडको भवनावर गेलो. तेव्हाही टीव्हीवर चर्चा चालली होती ती आमच्यामुळे झालेल्या वाहतूक कोंडीची.

माझे म्हणणे एवढेच आहे की मुलांना बोलायला शिकवण्याआधी कोणाचे ऐकून घेतले गेले नाही, हे शिकवा. ते न करता सभ्यपणाचे नियम घातले तर ज्याच्याकडे शब्द आहेत तोच जिंकेल.

सातारकर_काका

गवळीदेव, तुमचे म्हणणे मला मनापासून पटले, तरीही त्याला थोडी पुस्ती जोडतो. मी जावळी तालुक्यातून आलो आणि ३१ वर्षे कांदा-बटाटा बाजारात माथाडी म्हणून काम केले. अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला म्हणून १९६९ चा माथाडी कायदा झाला; तोही विनंत्यांनी मिळालेला नाही.

परंतु संप झाला तरी शेवटी टेबलाशी बसावे लागते. आमच्या टोळीतर्फे मी सहा-सात वेळा व्यापाऱ्यांशी बोलणी करायला बसलो आहे. पहिल्या वेळी मी फक्त आमचे गाऱ्हाणे घेऊन गेलो आणि हात हलवत परत आलो. आमचे जुने मुकादम मला म्हणाले, "त्याच्या वखारीचे भाडे किती, माल सडला तर त्याचे किती बुडतात, हे तुला माहीत आहे काय?" पुढच्या वेळी मी ते सगळे विचारून, लिहून गेलो. व्यापाऱ्याची अडचण मी त्याच्याआधी बोलून दाखवली, आणि त्यानंतर तो आमचे दर ऐकायला लागला. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल प्रेम वाटू लागले असे नाही. दर मात्र वाढला.

म्हणून या बाईंचा नियम मला सभ्यपणाचा वाटत नाही. ज्याच्याशी लढायचे आहे त्याचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले माहीत असणे, हे कष्टकऱ्याच्या पोराला जास्त लागते.

गवळीदेव

काका, हा विचार मी केला नव्हता. दि. बा. स्वतः वकील होते आणि आमदार-खासदारही होते. सरकारची बाजू त्यांना कलमांसकट पाठ असायची, असे आमच्याकडचे वडीलधारे सांगतात. मुद्दा घेतला.

वादपटू

मी आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेतो, त्यामुळे थोडे अधिक लिहितो.

न्यायसूत्रे या तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथाच्या परंपरेत कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी प्रमाणांनी केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी छल (समोरच्याच्या शब्दांचा विपर्यास), जाती (फसवी उत्तरे) अशा युक्त्याही वापरून केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे म्हणजे वितंडा. आपण आपल्या स्पर्धांना वादविवाद म्हणतो, पण बक्षिसाच्या चषकासाठी मुलांना जल्प शिकवतो, हे मला दहाएक वर्षांनी उमगले. माझे सर्वोत्तम वक्ते वर्गात सर्वांत वाईट ऐकणारे निघाले. समोरचा बोलत असताना ते त्याचे शब्द नव्हे, त्यातली फट शोधत असत.

यावर अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या दोघा भावांनी बसवलेली एक पद्धत मी गेली चार वर्षे वापरतो. चार मुलांचा गट करायचा, त्यातल्या दोघांनी एक बाजू अभ्यासून मांडायची, दोघांनी दुसरी. मग बाजू बदलायच्या आणि आतापर्यंत जिचा विरोध केला ती बाजू तितक्याच ताकदीने मांडायची. शेवटी दोन्ही बाजू सोडून देऊन चौघांनी मिळून एक टिपण लिहायचे. कस लागतो तो या शेवटच्या पायरीवर. "आम्हाला अमुक मुद्दा मान्य, तमुक अमान्य, आणि हे अजून तपासले पाहिजे" असे चौघांच्या सहीने लिहिताना मुले तास-दीड तास शब्दाशब्दावर अडतात. "फेरीवाले स्थानकाबाहेर असावेत का?" या विषयावर एका गटाने पहिल्या वाक्यातला "अतिक्रमण" हा शब्द राहू द्यायचा की नाही, यावर चाळीस मिनिटे घातली. मी मध्ये पडलो नाही. त्या चाळीस मिनिटांत त्यांना शब्दाला बाजू असते हे समजले.

अबोली

वादपटू सर, बाजू बदलण्याच्या या पद्धतीबद्दल मला गंभीर हरकत घ्यायची आहे.

माझा मुलगा दहावीत असताना त्याच्या शाळेत अशीच स्पर्धा होती. विषय आरक्षणाचा होता आणि चिठ्ठीत त्याला विरोधाची बाजू आली. आम्ही तुर्भ्याला राहतो. घरात बाबासाहेबांची तसबीर आहे. त्याच्या आजीने गावी वेगळ्या पाणवठ्यावरून पाणी भरलेले आहे. तो उभा राहिला आणि आपल्यासारख्या मुलांची गुणवत्ता कमी असते, हे त्याने सात मिनिटे सफाईने मांडले. त्याला दुसरे पारितोषिक मिळाले. घरी आल्यावर त्याने ते प्रमाणपत्र कपाटाखाली सरकवून ठेवले, ते मला दिवाळीच्या सफाईत सापडले. त्याच्याबरोबरच्या मुलांसाठी तो एक विषय होता. माझ्या मुलाला मात्र स्वतःच्या अस्तित्वाविरुद्ध पुरावा द्यावा लागला.

काही प्रश्न या देशाने मिटवलेले आहेत. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. ती योग्य की अयोग्य यावर दोन बाजू मांडण्याचा कार्यक्रम होऊ शकत नाही. एखाद्या धोरणाचा तपशील, निकष, मुदत यांवर जरूर चर्चा करा. पण माणसाची पात्रता, त्याचा माणूस म्हणून दर्जा हा चर्चेचा विषय म्हणून फळ्यावर लिहिणे, हेच मुळात एका बाजूचे मत झाले.

वादपटू

अबोलीताई, आपण लिहिले ते वाचून मी माझ्या विषयांची वही काढली. गेल्या चार वर्षांतल्या २६ विषयांपैकी तीन विषय मी आज देणार नाही. बाजू चिठ्ठीने ठरवण्याऐवजी कोणालाही कारण न सांगता बाजू नाकारण्याची मुभा असली पाहिजे, हेही मला मान्य आहे. आपल्या मुलाला मी ओळखत नाही, परंतु माझ्या हातून असे कोणा मुलाचे झाले असेल या विचाराने मन अस्वस्थ आहे.

ऐरोलीकर

माझ्या पहिल्या प्रतिसादातल्या शंकेचे उत्तर मला अबोलीताईंच्या लिहिण्यात मिळाले. औषध एक आहे की दोन, यापेक्षा विषय कोणता घेतला यावर सगळे अवलंबून आहे.

कौसाकर

मी मुंब्रा-कौसा भागात उर्दू माध्यमाच्या मुलींना विज्ञान शिकवते. मराठीत लिहिताना काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

आठ वर्षांपूर्वी आमच्या आणि ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेची सद्भावना भेट ठरली. गुलाबाची फुले दिली गेली, दोन भाषणे झाली, गाणे झाले, फोटो निघाले. मुली मुलींकडे पाहत राहिल्या आणि बसमध्ये बसून परत आल्या. परतताना माझ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "त्या आपल्या टिफिनकडे का बघत होत्या?" त्या भेटीने अंतर वाढले असे मी प्रामाणिकपणे सांगते.

पुढच्या वर्षी दोघी शिक्षिकांनी भाषणे रद्द केली. पर्यावरण प्रकल्पासाठी ठाणे खाडीचे पाणी तपासायचे ठरवले. खाडीचा पलीकडचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झालेला होता, त्यामुळे मुलींना विषय माहीत होता. प्रत्येक गटात दोन्ही शाळांच्या तीन-तीन मुली ठेवल्या, आणि कामे अशी वाटून दिली की पाण्याचा क्षार एकीनेच मोजायचा, गाळाची नोंद दुसरीनेच ठेवायची, पक्षी तिसरीनेच मोजायचे. एकीची नोंद नसेल तर सगळ्यांचा तक्ता अपुरा राहील. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा एकत्र केल्यावर वर्गांत तणाव वाढला, तेव्हा १९७१ मध्ये एलियट अ‍ॅरॉन्सन यांनी अशीच विभागणी करून मुलांना एकमेकांवर अवलंबून ठेवले होते. बी.एड.ला वाचलेले ते मला तेव्हा उपयोगी पडले. तिसऱ्या शनिवारी चिखलात पाय रुतून एक मुलगी पडली, आणि तिला बाहेर काढताना सगळ्यांचे कपडे माखले. त्यानंतर प्रश्न सुरू झाले. हिजाब उन्हाळ्यात गरम होतो का, तुमच्याकडे उपवासाला साबुदाणा का चालतो, आजी कुठल्या गावच्या. दोघींच्या आज्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या निघाल्या, आणि एकीची कोकणी मुस्लिम आजी दुसरीच्या आजीसारखीच मराठी बोलते हे त्यांना खरे वाटेना.

नुसते समोरासमोर आणून भागत नाही, हे गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगितले होते: दोन्हीकडचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, सहकार्य हवे आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींतल्या तरुणांची क्रिकेट स्पर्धा घेऊन हे तपासले. ते संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच संघातून खेळलेल्यांत परजातीय मैत्री वाढली. विरुद्ध संघ म्हणून समोर आलेल्यांत परिणाम उलट दिशेने गेला. वादपटू सरांना चषकाबद्दल जे उमगले, ते मैदानावरही खरे ठरले.

एक कळकळीची विनंती. पारसिकताईंच्या वर्गातल्या मुंब्र्याच्या चार मुलींना कोणत्याही प्रश्नावर "तुमच्या समाजाला काय वाटते?" असे विचारू नका. माझ्या विद्यार्थिनी महाविद्यालयात गेल्या की त्यांना हा प्रश्न हमखास येतो, कधी दूरच्या देशातल्या घटनेबद्दल, कधी क्रिकेटच्या सामन्याबद्दल. सोळा वर्षांच्या मुलीला सगळ्या समाजाची वकील करू नये. तिला तिचे स्वतःचे मत असू द्या, किंवा त्या दिवशी मत नसू द्या.

घोडबंदर

कौसाकरताई, आपले मराठी निर्दोष आहे. आपल्या अनुभवाला एक जोड देतो. दिल्लीतल्या महागड्या खाजगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवणे बंधनकारक झाले, तेव्हा गौतम राव यांनी तेथील श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. गरीब वर्गमित्र लाभलेली मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली. आपल्या राज्यात शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांमधून बहुतेक खाजगी शाळांना सूट देणारा नियम २०२४ मध्ये केला गेला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरवला. बोलायला शिकवायचे तर आधी मुले एका वर्गात असायला हवीत.

बारावी_कला

मी विद्यार्थिनी आहे आणि असाच वर्ग मी पाहिला आहे. शिक्षकांना वर्गातले भांडण दिसते, पण ते आदल्या रात्री फोनवर सुरू झालेले असते. ६० जणांच्या गटात सात-आठ जण लिहितात. बाकीचे वाचतात आणि गप्प राहतात, कारण लिहिलेल्याचा फोटो काढून कोणीही कुठेही पाठवू शकतो. वर्गात आम्ही गप्प असतो याचे कारण आम्हाला मत नाही असे नाही. बोललेले परत घेता येत नाही, याची भीती आहे. पारसिक मॅडमच्या नियमात एक गोष्ट वाढवावी असे मला वाटते: तासात "मी आधी म्हणाले ते बदलते" असे म्हणण्याची सोय असावी आणि त्यावर कोणी हसू नये.

आणि शिक्षकांनी आपले मत लपवावे, हेही मला पूर्ण पटत नाही. आमची चर्चा संपल्यावर, आम्ही विचारले तर, त्यांनी कारणांसह सांगावे. मोठी माणसे वेगळे मत असूनही आमच्याशी नीट वागतात, हे आम्हाला दुसरीकडे कुठे दिसणार?

तलावपाळी

हा प्रतिसाद वाचून मी माझ्या मुलीशी बोललो. ती आता अकरावीत आहे. तिच्या वर्गगटातही तिने गेले सहा महिने एक शब्द लिहिलेला नाही, हे मला ठाऊक नव्हते. मुले हे घरी आणि मैदानावर शिकतात असे मी वर लिहिले होते. घरी आम्ही सगळे एकाच मताचे आहोत, आणि मैदान आमच्या संकुलाच्या आतले आहे, तेव्हा ते विधान मी मागे घेतो.

माझ्या दोन अटी मात्र कायम आहेत. घरातल्या मतदानाविषयी मुलाला कधीही विचारू नये, आणि असा तास घेण्यापूर्वी विषय व पद्धत पालकसभेत सांगावी. पालकांना अंधारात ठेवून झालेली चांगली गोष्टही संशयास्पद ठरते.

पारसिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तलावपाळी, आपल्या दोन्ही अटी मला मान्य आहेत. पालकसभा पुढच्या शनिवारी आहे आणि मी विषय लेखी देणार आहे. विद्यार्थिनीने सुचवलेली सोय काल वर्गात सांगितली. कौसाकरताई, "तुमच्या समाजाला काय वाटते?" हा प्रश्न मी स्वतः गेल्या वर्षी एकदा विचारला होता. पुन्हा विचारणार नाही.

गेल्या दोन तासांत जे झाले ते सांगते. भाषेचा विषय मी पुन्हा काढला, पण या वेळी आजच्या बातमीऐवजी संविधान सभेतून. १० डिसेंबर १९४६ रोजी र. वि. धुळेकर यांनी हिंदुस्तानी न जाणणाऱ्यांना या देशात राहण्याचा हक्क नाही, अशा अर्थाचे विधान सभेत केले होते. ते वाचून दाखवल्यावर मी विचारले की हे कोण असावेत. आडनाव मराठी, आणि निवडून आलेले संयुक्त प्रांतातून (आजच्या उत्तर प्रदेशातून), झाशीचे. वर्गात दोन्ही बाजूंच्या मुलांना काय बोलावे ते सुचेना. मग सप्टेंबर १९४९ मधली चर्चा घेतली. हिंदीबरोबर आकडे देवनागरी घ्यायचे की आंतरराष्ट्रीय, यावर सभा किती तापली होती, आणि १४ सप्टेंबरला जी तडजोड स्वीकारली गेली तिच्यात देवनागरी लिपीतली हिंदी, आंतरराष्ट्रीय रूपातले आकडे आणि पंधरा वर्षांपुरती इंग्रजी हे तिन्ही कसे आले, ते मुलांनी ३४३ व्या अनुच्छेदात स्वतः शोधले. दक्षिणेकडच्या सदस्यांचा पूर्वपक्ष "पाहुणा कसा?" विचारणाऱ्या मुलाने मांडला, आणि हिंदीच्या आग्रहाचा पूर्वपक्ष मांडायला मराठीचा आग्रह धरणारा मुलगा आपणहून उठला. त्याला तिसऱ्या प्रयत्नात होकार मिळाला.

त्या दोन मैत्रिणी अजून वेगळ्याच रांगांत बसतात. मी त्यांना काही म्हटलेले नाही.

गवळीदेव, पुढचा विषय जमीन आणि हे शहर असा आहे. कोणाचे ऐकून घेतले गेले नाही हे आधी शिकवा, असे तुम्ही म्हणालात. ते मी पुस्तकातून शिकवू शकेन असे मला वाटत नाही. गुरुवारी दुपारी दोनच्या तासाला तुम्ही वर्गात याल का? सातारकर काकांनाही हेच विचारते.

सातारकर_काका

येतो. गुडघ्यांमुळे जिना चढायला वेळ लागतो, तेव्हा पावणेदोनलाच पोहोचेन.

गवळीदेव

येईन. आजोबांचा सातबारा बरोबर आणतो. मुलांना आधी एवढे सांगून ठेवा की मी आगरीतच बोलणार आहे. समजले नाही तर त्यांनी थांबवून विचारावे.